बाटली आडवी करायचा अर्ज लिहून दे, दंडाचा फलक लिहू नको

या वेळचं पत्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातून आलंय. नाव-गाव देत नाही, बाकी त्याच्याच शब्दात.

"ताई, मी 26 वर्षांचा. नागपूरला तीन वर्ष स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, आता गावी येऊन अभ्यासिकेत बसतो. विषय राज्यशास्त्र. आमच्या गावात देशी दारूचं दुकान आहे, जिल्ह्याची दारूबंदी उठली तेव्हा परत सुरू झालं. बचत गटाच्या बायांना ते बंद करायचंय, आडवी बाटलीचं मतदान, म्हणजे दुकान बंद करायचं मतदान, मागायचंय, आणि त्याचा अर्ज मले लिहून मागितला. मागणाऱ्यात माझी आईच पुढं. दुसरीकडं पोरांनी दारूबंदी समिती काढली, पिणाऱ्याला 5 हजार दंड ठरवला, तो फलक पण मीच लिहावा म्हणून राहिले, कारण माझं अक्षर चांगलं आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या काकाला रोवण्यावरून येताना पकडलं, गळ्यात रिकाम्या बाटल्यांची माळ घातली, चौकात उभं केलं, व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. दंड नाही भरला तर त्याच्या बांदीत, म्हणजे धानाच्या वावरात, कोणी मजुरीला जाणार नाही असं सांगितलं. मी दोन्हीकडं नाही म्हणलं. माणसानं काय प्यावं यात सरकारनं पण पडू नये आणि गावानं पण नाही, मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं हेच तर सांगितलंय. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. मी चुकलो का?"

भाऊ, फलकाला नाही म्हणलास ते शंभर टक्के बरोबर केलंस, आणि अर्जाला नाही म्हणलास तिथं चुकलास. दोन्ही कागद तुला सारखेच वाटले कारण दोन्हीवर दारूबंदीच लिहायची होती, पण एक कागद सरकारला उद्देशून आहे आणि दुसरा एका माणसाच्या मानगुटीवर बसणार आहे, त्याच्यात लय फरक आहे. हे जरा सविस्तर सांगते कारण तू अभ्यासाचा पोरगा आहेस, नुसतं आईचं ऐक म्हणून भागणार नाही.

आधी माझं सांगते. मी वर्धा जिल्ह्यातली, म्हणजे कोरड्या जिल्ह्यातली, आमच्याकडं दारूबंदी तुमच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तरी माझा बाप रोज प्यायचा. नाल्याच्या पलीकडं मोहाची निघायची, रबरी ट्यूबमध्ये भरून यायची. कापसाचा चुकारा मिळाला का आई त्यातले पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दाबून ठेवायची, वर डाळ, त्याच्यावर एक वाटी. मी आठवीत होते तेव्हा एका संध्याकाळी बापानं तो डबा अंगणात उपडा केला, डाळ मातीत सांडली आणि तो त्या डाळीत पैसे शोधून राहिला होता, आई बाजूला उभी, आणि आम्ही दोघी बहिणी रात्री कंदिलाच्या उजेडात ती डाळ निवडत बसलो. माझ्या शाळेची फी त्या डब्यात होती. म्हणून जेव्हा कोणी म्हणते का पिणारा स्वतःचंच नुकसान करते, दुसऱ्याला काय त्रास, तेव्हा मले ती डाळ आठवते.

पण त्याच नाल्यावर आमच्या ओळीतली एक विधवा बाई हातभट्टी लावायची. दोन लेकरं, वावर दिराच्या ताब्यात, दुसरं काही हाताशी नाही. धाड पडली का तिचा सडवा ओतून द्यायचे, भांडी फोडायचे, तिला गाडीत बसवून न्यायचे, आणि ज्याच्याकडून गूळ यायचा न माल पुढं जायचा त्याच्या घरी कधी कोणी गेलं नाही. तिचा लहाना पोरगा गाडीच्या मागं धावायचा ते मी पाहिलंय. तेव्हा सरकारच्या हातात दंडुका दिला का तो बरोबर माणसावरच पडते असा माझा बिलकुल समज नाही. तू सरकारला घाबरतोस, ते घाबरणं मी समजू शकते, मी पण घाबरते.

आता तुझ्या मिलकडं येऊ. जॉन स्टुअर्ट मिलचं ‘ऑन लिबर्टी’ 1859 चं. त्यातलं एक वाक्य सगळे पाठ करतात, का माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याच्यावर सत्ता चालवायची तर ती दुसऱ्याचं नुकसान टाळायलाच, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही. तू तेवढं वाचून थांबलास असं मला वाटते, कारण पुढं त्याच पुस्तकात तो दारूवरच बोलते. अमेरिकेत मेन नावाच्या राज्यानं 1851 मध्ये दारूबंदी केली होती आणि इंग्लंडात पण तशी करा म्हणणारे लोक होते, मिल त्यांच्या विरोधात होता. इथपर्यंत तुझं बरोबर. पण तोच माणूस म्हणते का दारू पिऊन ज्यानं एकदा दुसऱ्याला मारहाण केली आणि तसं सिद्ध झालं, त्याच्यावर त्यापुढं वेगळं बंधन घालायला हरकत नाही. आणि जो उधळपट्टीमुळं घर पोसत नाही, लेकरांचं करत नाही, त्याला शिक्षा झाली तर ती योग्यच, फक्त शिक्षा उधळपट्टीची नको, घराची जबाबदारी मोडल्याची हवी. म्हणजे माझा बाप मिलच्या हिशोबात सुटत नाही. आणि विकणाऱ्याबद्दल तर तो सरळच बोलते, का पिणं वाढण्यात ज्याचा धंदा आहे त्याच्यावर सरकारनं बंधनं घातली तर ते रास्त आहे. दुकानं मुद्दाम कमी करून लोकांना पिणं अवघड करावं हे त्याला पटत नव्हतं हेही खरं, ते लपवून तुझ्याशी वाद जिंकायचा नाही मला.

पण तू एक गोष्ट पाहिलीच नाहीस. तू म्हणतो सरकारनं यात पडू नये. अरे, ते दुकान तिथं आहेच सरकारच्या लायसन्समुळं! शाळेच्या रस्त्यावर ते काउंटर असंच उगवलं नाही, कोणाच्या तरी टेबलावरच्या फायलीत सही झाली, शुल्क भरलं गेलं, आणि बाटलीमागं राज्याच्या तिजोरीत पैसा जाते. आपला मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याची रीतच अशी आहे का दारू मुळात बंद, आणि परवाना असेल तर चालू. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याची काही कलमं उडवली, बाकी बहुतेक कायदा कायम ठेवला. म्हणजे सरकार या गोष्टीत पाऊणशे वर्षांपासून गळ्यापर्यंत उतरलेलं आहे, विकायची परवानगी देणारं म्हणून. तुझी आई काय मागून राहिली? का ही परवानगी देताना आम्हाला कोणी विचारलं नाही, आता आम्हाला विचारा. ती एका माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायला निघालेली नाही, सरकारनं दिलेल्या एका कागदाचा जाब ती मागते. नागरिकानं सत्तेला जाब विचारणं, यालाच तर तुझ्या विषयात स्वातंत्र्य म्हणतात ना?

आणि विचारायची पद्धत बघ, मला त्यातलं सगळ्यात जास्त हेच आवडते. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणं मतदार यादीतल्या किमान 25 टक्के बायांच्या सह्यांचा अर्ज लागते, सह्या खऱ्या का खोट्या ते तपासतात, मग गुप्त मतदान होते, एका चिठ्ठीवर उभी बाटली न आडवी बाटली. आणि आडवी जिंकायला मतदानाला आलेल्यांच्या अर्ध्यांपेक्षा जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायांच्या अर्ध्यांपेक्षा जास्त मतं लागतात. जी बाई कामाला परगावी गेली, जी बाळंत आहे, जी मेली पण नाव यादीतून निघालं नाही, ती सगळी मतं दुकानाच्या बाजूनं धरल्यासारखीच झाली. कित्येक गावं यात थोड्या मतांनी हरलीत. मला ही अट अन्यायाची वाटायची, आता तेवढी वाटत नाही, कारण चालू असलेली गोष्ट बहुमताच्या जोरावर बंद करायची तर ते बहुमत पक्कं असलं पाहिजे.

आणि ते गुप्त आहे. तुझ्या गावात एखादीचा नवरा त्याच दुकानात कामाला असेल, एखादीची सासू पिणाऱ्या पोराची बाजू घेत असेल, ती आत जाऊन उभीवर शिक्का मारेल न बाहेर येऊन बाकीच्या बायांसोबत चहा पिईल, कोणाला काही समजणार नाही. आणि जिला नवऱ्यानं दम दिला आहे का आडवी केली तर याद राख, तिला पण तोच पडदा वाचवते. त्या मिनिटभरात ती बाई ना नवऱ्याची आहे ना गावाची.

आता तुमच्या समितीचा फलक बघ. तिथं पडदा आहे का? काका चौकात उभा होता तेव्हा त्याला कोणी विचारलं का तुझं काय म्हणणं आहे? 5 हजाराची पावती कोण देणार, पैसा कोणाच्या खिशात जाणार, काकाला वाटलं का हा दंड चुकीचा आहे तर तो कोणाकडं दाद मागणार? कोर्टानं दंड केला तर वरचं कोर्ट आहे, तहसीलदारानं चुकीचं केलं तर वर कलेक्टर आहे. समितीच्या वर कोणीच नाही. दारू पिल्याबद्दल लोकांना दंड ठोकायचा अधिकार अशा समितीला कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही, आणि आज दारूसाठी जी माळ गळ्यात पडली ती उद्या दुसऱ्या जातीच्या पोरीशी लग्न केलं म्हणून पडेल, परवा कोणाला मत दिलं म्हणून. तू अनुभवानं सांग, तुझ्या गावात तुला सरकारची जास्त भीती वाटते का गावाची? मुंबईतलं सरकार तुझ्या घरी वर्षातून किती वेळा येते? आणि गाव रोज सकाळी तुझ्या दारात उभं असते.

मिल हे पण सांगून गेला आहे आणि माझ्या मते त्या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. समाजाची दडपशाही कितीतरी सरकारी जुलमांपेक्षा भयंकर असते असं तो म्हणते, शिक्षा तेवढ्या कडक नसतात पण त्यातून सुटायला वाट राहत नाही, ती रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक गोष्टीत शिरते न मनालाच गुलाम करते. हे त्यानं लंडनमध्ये बसून लिहिलं, आणि तो पस्तीस वर्ष ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता, आपल्यासारख्या देशांना हे स्वातंत्र्य एवढ्यात लागू नाही असंही त्यानं त्याच पुस्तकात लिहून ठेवलं आहे, ते मला आजही टोचते. पण लिहिलेलं गावाला किती लागू पडते बघ.

आपल्याकडं हे ज्याला आतून माहीत होतं तो माणूस वेगळा. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं का या मसुद्यानं गाव सोडून व्यक्तीला एकक मानलं याचा मला आनंद आहे. लय लोकांना तेव्हा ते लागलं होतं, गांधीजींचं सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं, ग्रामस्वराज्य हा आमच्याकडं श्रद्धेचा विषय, मी पण त्यातच वाढले. पण विचार कर, ज्या माणसाच्या समाजाला गावानं विहिरीवर चढू दिलं नाही, तो माणूस गावाच्या हातात सत्ता द्या म्हणेल कसा? त्याला माहीत होतं का एकट्या माणसाला गावापासून वाचवायला कधीकधी सरकारच लागते. आणि सरकारपासून वाचवायला? त्याचंही त्यांनी सांगितलं, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात, आणि तिथं त्यांनी तुझ्या मिललाच साक्षीला बोलावलं, का कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी नेऊन ठेवू नका. दोन्ही बाजूंनी एकट्या माणसाला धरून ठेवलं त्यांनी. तुझ्या काकाला त्या दिवशी चौकात अशाच कोणाची तरी गरज होती.

तुमच्या पोरांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ लिहिलं असेल तर मला नवल वाटणार नाही, ती घोषणा तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातली, गडचिरोलीतल्या मेंढा लेखाची, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते गाव, देशात पहिल्या गावांपैकी. पण त्या समितीतल्या पोरांना हे माहीत आहे का, का मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होते? एक माणूस जरी नाही म्हणला तरी थांबतात, पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात, त्याला महिने लागले तरी चालते. ज्या गावात एकाच्या नाहीला एवढी किंमत आहे त्यालाच आम्हीच सरकार म्हणायचा हक्क आहे. बाटल्यांची माळ घालणाऱ्यांना नाही.

तू म्हणशील ताई, मग काकासारखा शांतपणे दोन घोट घेऊन झोपणारा माणूस, त्याचं काय, दुकान बंद झालं तर त्याचं स्वातंत्र्य गेलंच ना. हो, थोडं गेलं. हे मी नाकारत नाही, आणि बायांनी पण नाकारू नये. त्याला दुसऱ्या गावी जावं लागेल, किंवा चोरून येणारी प्यावी लागेल आणि ती जास्त वाईट असू शकते. तुमच्या जिल्ह्यानं हे सहा वर्ष पाहिलंय, 1 एप्रिल 2015 ला बंदी आली, त्याच्याआधी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायी चालत गेल्या होत्या तेव्हा कुठं सरकार हललं, आणि 2021 मध्ये बंदी उठली तेव्हा अवैध दारू वाढली हेच कारण सांगितलं गेलं. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, आजही आहे. मी यातली कोणतीच बाजू पूर्ण खरी मानत नाही, ती विधवा बाई आणि ती डाळ, दोन्ही माझ्या डोळ्यासमोर आहेत. पण तुझ्यासमोर आज अख्ख्या जिल्ह्याचा प्रश्न नाही. शाळेच्या रस्त्यावरचं एक लायसन्स आहे, आणि त्यासाठी कोणाला जेलात टाकायचं नाही, कोणाचं अंग हुंगायचं नाही, कोणाच्या घरात शिरायचं नाही. काकाचं थोडं गैरसोयीचं होईल, त्याच्या बायकोला आठवड्याच्या हजेरीतलं थोडं जास्त हाती लागेल. हा सौदा बायांना ठरवू दे, गुप्तपणे, मोजून.

काही लोक असं पण म्हणतात का व्यसनी माणूस मुळात स्वतंत्रच नसते, त्याची दारू तोडली म्हणजे आपण त्याला स्वतंत्रच करून राहिलो. तुमची समिती पण बहुतेक हेच म्हणत असेल, काकाच्या भल्यासाठीच केलं. याच्यापासून लय सांभाळ. 1958 मध्ये आयझाया बर्लिन या तत्त्वज्ञानं ऑक्सफर्डच्या व्याख्यानात नेमकं हेच धोक्याचं सांगितलं होतं, का तुझं खरं मन काय म्हणते ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळते असं एकदा म्हणलं, का मग माणसाला कितीही छळता येते, आणि वरून त्याच्याच स्वातंत्र्याचं नाव देता येते. व्यसन सुटायला उपचार लागतात, घरचं माणूस सोबत लागते. माझ्या बापाची शेवटी सुटली ती सेवाग्रामच्या दवाखान्याच्या चकरा आणि माझ्या मामाची सोबत यांनी, मार त्यानं आधी लय खाल्ला होता, त्यानं सुटली नाही.

आता काय करायचं ते सांगते. समितीला तोंडावर सांग का फलक मी लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही तेही ग्रामसभेत उभं राहून सांग, मिल-बिल सांगू नको, पावतीचं विचार, अपिलाचं विचार, आणि हे विचार का उद्या तुमच्या बापाच्या गळ्यात माळ घातली तर. मजूर जाऊ देणार नाही ही धमकी हलकी समजू नको. 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे आपल्या राज्यात, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तो मुख्यतः जातपंचायतींना डोळ्यासमोर ठेवून आला, तुमच्या समितीला कसा लागतो ते तालुका विधी सेवा समितीत जाऊन विचार, तालुक्याच्या कोर्टातच असते ती. काकाला सोबत घेऊन जा, पण त्याला आधी विचार यायचं का ते. ग्रुपवरचा व्हिडिओ डिलीट करायला लाव, आणि तोपर्यंत काकाच्या घरी एकदा संध्याकाळी नुसता जाऊन बस. लोक त्याच्याकडं पाहून राहिले आहेत, तू त्याच्या शेजारी बसलेला दिसू दे.

आणि आईसाठी अर्ज लिही. अर्जात पिणाऱ्यांना दारुडे वगैरे लिहू नको, बायांनी आग्रह धरला तरी नको, दुकान शाळेपासून किती पावलांवर आहे, संध्याकाळी पोरींना त्या रस्त्यानं यायला कसं होते, मजुरीचा पैसा कुठं जाते, एवढंच लिही. नावं मतदार यादीत जशी आहेत तशीच घाल, माहेरचं-सासरचं नाव बदललं का तपासणीत सही बाद होते. एखादी बाई सही करायला नाही म्हणली तर तिच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका, हे आईला आधीच सांगून ठेव, ती ऐकेल. मग रात्री जेवणं झाल्यावर तिला समोर बसवून सगळा अर्ज मोठ्यानं वाचून दाखव, ती म्हणेल तिथं खोड, आणि मग तिच्या हातात पेन दे.

तुझी,
ताई